वस्तू जागेवर ठेवणे

आराखड्यात एखादी कृती उतरली की ती देणाऱ्याच्या हातातून निघून जायची. व्यवसायोपचार विभागात हे सगळ्यांना पहिल्याच आठवड्यात कळलं, आणि कळल्यावरही काम कुणी थांबवलं नाही.

सगळ्यात आधी रेवती मॅडमची वेणी गेली. सोमवारी सकाळी त्यांनी बैठकीच्या टेबलाशी उभं राहून आपल्याच केसांची वेणी घातली, आणि टोणपे भाऊसाहेबांनी ती बघून बघून बावीस पायऱ्यांत आराखड्यावर उतरवली. दुपारी वेणी सुटली. मॅडम आरशासमोर तीन पेड धरून उभ्या राहिल्या. कुठला पेड कशावरून न्यायचा ते हाताला आठवेना. मंगळवारी त्या कानापर्यंत केस कापून आल्या.

"मोकळं वाटतं हो मावशी," त्या अंजिराबाईला म्हणाल्या. बोलताना त्यांचा हात दोनदा पाठीमागे गेला आणि रिकामा परत आला.

अंजिराबाई धोत्रे विभागात तेहतीस वर्षं मदतनीस होती. पुढच्या वर्षी तिची नोकरी संपायची होती. तिने केर काढता काढता मॅडमच्या मानेकडे बघितलं. मान एखाद्या पोराच्या मानेसारखी उघडी दिसत होती. 

विद्यापीठ गावाबाहेरच्या माळावर आहे आणि हा विभाग म्हणजे त्या माळावरची शेवटची इमारत. झटका येऊन हात लुळा पडलेली, यंत्रात बोटं गेलेली, जन्मापासून अंग आखडलेली माणसं इथे येतात, आणि त्यांना रोजची साधी कामं शिकवली जातात. बटण लावणं, कडी काढणं, भाकरी मोडणं. शिकवायची रीत ठरलेली आहे. एकाने काम करून दाखवायचं, दुसऱ्याने शेजारी बसून त्याच्या पायऱ्या लिहायच्या. हाताने केलं की मग लिहायचं, आधी नाही. आणि काम कुठलंही असो, शेवटची ओळ एकच: वस्तू जागेवर ठेवणे. ती ओळ नसली की विभागप्रमुख पेठकर सर कागद परत करायचे.

"कप ओठाला लागला म्हणजे चहा पिऊन झाला का?" ते दर वर्षी नव्या मुलांना विचारायचे. "कप बशीत परत गेला पाहिजे. तोवर कृती पुरी नाही."

या खेपेला विद्यापीठाने सगळ्या विभागांकडे पुढच्या पाच वर्षांचा आराखडा मागितला होता. बाकीचे विभाग काय लिहिणार ते पेठकर सरांना माहीत होतं. सक्षमीकरण, गुणवत्ता, आणि असलेच चार शब्द. आपला आराखडा नुसत्या शब्दांचा नको, त्यात खरोखरची कामं हवीत, असं त्यांनी ठरवलं. विभागात दहा माणसं. प्रत्येकाने आपल्या हातातल्या तीन कृती द्यायच्या. कागदावर अशी तीस घरं आखली, आणि पाचव्या वर्षाच्या टोकाला एक एकतिसावं. त्याच्यावर लिहिलं, 'विभागाचं वैशिष्ट्य'. मदतनीस माणूस दहांत धरलेला नव्हता.

कागद टेबलाएवढा लांब होता आणि हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवल्यासारखा त्याचा रंग होता. कृती उतरली की तेवढं घर जरासं फुगायचं. वर हात ठेवला तर गोधडीखाली मांजराचं पिल्लू वळवळावं तसं खाली काही हलायचं. वेणीच्या घराला खोबरेलाचा वास यायचा. पेठकर सरांनी दाढी करणं दिलं त्या घरावर रोज सकाळी थोडा फेस दिसायचा, आणि सरांच्या गालावर रोज थोडी जास्त दाढी. अंजिराबाई टेबल पुसताना तो फेस फडक्याने टिपून घ्यायची.

टोणपे भाऊसाहेब विभागाचे कारकून. त्यांनी हुशारी केली. त्यांनी तंबाखू मळणं दिलं.

"घरही भरेल आणि सवयही जाईल. बायको पेढे वाटेल," ते म्हणाले.

सवय गेली नाही. मळणं तेवढं गेलं. पुडी आणि चुन्याची डबी घेऊन ते अंजिराबाईच्या मागे फिरू लागले.

"मावशी, एवढी एक मळून द्या."

"मी काय तुमच्या घरची सून हाय व्हय?" असं म्हणत ती झाडू काखेत धरून तंबाखू मळून द्यायची.

घाटगे सरांच्या वेळी मात्र चूक झाली. सर भांग पाडून दाखवत होते. टोणप्यांना जेवायला जायची घाई होती. सरांनी कंगवा खाली ठेवायच्या आधीच त्यांनी शेवटची ओळ लिहून टाकली. घर फुगलं, आणि कंगवा सरांच्या हातातच राहिला. मूठ उघडेना. कंगवा केसांकडे जाईना की टेबलाकडे येईना. अंजिराबाईने त्यांचा हात गरम पाण्यात धरला, तेल चोळलं, एकेक बोट ओढून बघितलं. बोटं तापवून वळवलेल्या आणि मग गार झालेल्या प्लॅस्टिकच्या पट्टीसारखी झाली होती. विभागात तुटक्या हातांना तसल्याच पट्ट्या बांधत.

"आधी ठिवू द्यायचं, मग लिवायचं," ती टोणप्यांवर ओरडली. "तेहतीस वर्सं मी नुसता केर काढते तरी मला कळतं. तुम्हाला एवढं कळंना?"

"एका सेकंदाचा तर फरक, मावशी."

"तो सेकंद केवढा हाय ते आता ह्यांनाच इचारा."

घाटगे सर हसले. तिसऱ्या दिवसापर्यंत रेवती मॅडमनी कंगव्याला बसेल अशी कापडाची खोळ शिवून आणली होती. शिवणं तोवर त्यांच्या हातात होतं. दुसऱ्या फेरीत त्यांनी तेही दिलं.

फेऱ्या होत गेल्या. कुणी बटणं दिली, कुणी बुटाची नाडी, कुणी किल्ली फिरवणं. तिसऱ्या फेरीत हातात फार काही उरलं नव्हतं, तेव्हा लोक जेवणातल्या कृतींना हात घालू लागले. कुणी भाकरी मोडणं दिलं, कुणी चमचा भरणं, कुणी नुसतं हात तोंडाशी नेणं. एकेक करून पाहिलं तर लहान गोष्टी होत्या. पण जेवण असल्या लहान गोष्टींचंच बनलेलं असतं, आणि एक दिवस दुपारी दहाची दहा माणसं डबे उघडून नुसती बसून राहिली.

त्या दिवसापासून अंजिराबाई त्यांना भरवू लागली. 'दैनंदिन कृती कक्ष' नावाच्या मोठ्या खोलीत रुग्णांसाठी मांडलेलं एक खोटं घर होतं. कधी न पेटवलेली शेगडी, कुणी न झोपलेली खाट, फळीवर ठोकलेल्या सात जातींच्या कड्या. तिथे भिंतीला लागून दहा खुर्च्या मांडायच्या आणि डाव्या टोकापासून सुरुवात करायची. त्या दहांच्याही आधी चंपाची खुर्ची.

चंपा अंजिराबाईची लेक. सव्वीस वर्षांची. जन्मापासून अंग आखडलेलं, वाचा नाही, डोळे मात्र सगळं ऐकणारे. विभागाच्या मागच्या खोल्यांत मायलेकी राहत, आणि रोज सकाळी अंजिराबाई तिला चाकांच्या खुर्चीतून विभागात आणायची. चंपा तोंड उघडायची, घास आत घ्यायची, पण गिळायची नाही. घास तोंडात तसाच राहायचा. मग अंजिराबाईने उजव्या हाताचा अंगठा तिच्या हनुवटीखालच्या खळगीत ठेवायचा, जरा दाबायचा, आणि नखाएवढा वळवून खाली गळ्यापर्यंत ओढायचा. की घास उतरला. चंपा चौदा महिन्यांची असताना, जगणार नाही असं सगळ्यांनी सांगून झाल्यावर, ही जागा त्या अंगठ्याला सापडली होती. पुढे डॉक्टरांनी करून बघितलं, रेवती मॅडमनी बघितलं, पेठकर सरांनी तर हातमोजे घालून आठवडाभर बघितलं. घास उतरला नाही. खुद्द अंजिराबाईच्या डाव्या अंगठ्यालाही ती जागा माहीत नव्हती. एकदा पट्ट्या तापवायच्या पातेल्यातलं उकळतं पाणी तिच्या उजव्या हातावर सांडलं. सात दिवस हात बांधलेला होता, आणि सात दिवसांत चंपाच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या. आठव्या दिवशी अंजिराबाईने फोडांवरची पट्टी दातांनी सोडली आणि भरवलं.

आराखड्याचं नाव झालं. विद्यापीठाच्या नियोजन कक्षातली माणसं येऊन बघून गेली. त्यांनी घरांवर हात ठेवले, वास घेतले, एकमेकांकडे बघून माना डोलावल्या. येत्या गुरुवारी अडीच वाजता ते आराखडा न्यायला येणार होते. एकही घर रिकामं असलं तर कागद घेणार नव्हते, आणि ज्या विभागाचा आराखडा नाही त्याला कुलूप लागणार होतं.

रुग्ण येत होते, पण त्यांना शिकवायला हात उरले नव्हते. पेठकर सर त्यांना आराखड्यापाशी बसवायचे. एक रिक्षावाला होता, उजवा हात झटक्याने गेलेला. सरांनी त्याचा लुळा हात बटणाच्या घरावर ठेवायला लावला. घर खालून हललं. टिच टिच टिच असा पाच बटणं लागल्याचा आवाज आला.

"काय वाटतं?" सरांनी विचारलं.

रिक्षावाल्याने वाकून कागदाकडे बघितलं, मग आपल्या उघड्या शर्टाकडे.

"कागद तुमचा झ्याक हाय साहेब," तो म्हणाला. "माझा हात हाय तिथंच हाय."

अंजिराबाई दारात उभी होती. तिने ते ऐकलं आणि नीट ध्यानात ठेवलं.

बुधवारी चहाच्या वेळी पेठकर सर तिच्याकडे आले. दाढी त्यांच्या छातीवर आली होती. शर्टाला बटणांऐवजी चिकटपट्ट्या लावलेल्या होत्या. तिने त्यांच्या कपात नळी घातली आणि कप त्यांच्या तोंडाशी धरला.

"अंजिराबाई, एकच घर राहिलं," सर म्हणाले.

"व्हय. पुसताना बघते रोज."

"तिथे काय जाणार ते तुम्हाला माहीत आहे."

तिने कप खाली केला नाही. सर नळीतून प्यायचे थांबले.

"असा अंगठा जगात दुसरा नाही," ते म्हणाले. "विभागाचं वैशिष्ट्य म्हणजे हेच."

"त्यो चंपाचा हाय, सर. विभागाचा न्हाई."

"तुमचा अंगठा एका चंपाला भरवतो. आराखड्यात गेला तर हजार चंपांना भरवेल."

"कागद कुणाला भरवतो? रिक्षावाल्याचं बटान लागलं का?"

 सर आवाज खाली आणून म्हणाले, "तुम्ही नसाल तेव्हा काय, अंजिराबाई? कधी विचार केलाय?"

तिने सव्वीस वर्षं दुसरा विचार केला नव्हता. हे सरांना माहीत होतं, म्हणूनच त्यांनी तो प्रश्न शेवटी ठेवला होता. कप कलला आणि थोडा चहा दाढीवर सांडला. तिने पदराने तो टिपला.

"आराखड्यात उतरलेलं टिकतं," सर म्हणाले. "माणसाच्या हातातलं माणसाबरोबर जातं."

"आन् उद्या सांजच्याला माझी चंपा काय खाईल?"

 सर दाराकडे बघत म्हणाले, "तुम्हाला वेगळं काही करायचं नाही. उद्या एक वाजता रोजच्यासारखं चंपाला भरवा. टोणपे शेजारी बसून लिहून घेतील. तुमचं हो किंवा नाही मी विचारत नाहीये. तेवढा तरी भार तुमच्यावर नको."

त्यांच्या मागे टोणपे उभे होते. त्यांनी नवं पेन आणलं होतं, आणि ते खिशाला लावून बघत होते. ते अंजिराबाईच्या नजरेला नजर देईनात.

"मावशी, मी काय, लिहिणारा माणूस," ते पुटपुटले.

त्या संध्याकाळी चंपाला भरवताना अंजिराबाईने दार लावून घेतलं, खिडकीला चादर लावली, आणि घास देण्याआधी खाटेखाली वाकून बघितलं. उद्या ती काय करणार होती? एक वाजता भरवलं तर शेवटच्या ओळीबरोबर अंगठा जाणार. नाही भरवलं तर लेक उपाशी. आणि किती दिवस नाही भरवायचं? टोणपे कुठेही शेजारी बसू शकत होते. ते शांत माणूस होते, त्यांना वाट बघता यायची.

गिळून झाल्यावर चंपाने डोळे मिटले. तिच्या वाटीवर काळ्या रंगात नाव लिहिलेलं होतं. चंपा. अंजिराबाईच्या हाताने लिहिलेला पहिला शब्द.

त्या वाटीकडे बघताना तिला सुचलं.

अंजिराबाईला अक्षर एकेचाळिसाव्या वर्षी आलं. पेठकर सर तेव्हा नवीनच लागलेले, केस काळे, बोलण्यात अजून गावाकडचा हेल. मोठ्या वयाच्या हाताला अक्षर कसं चढतं, यावर त्यांना प्रबंध लिहायचा होता, आणि त्यासाठी त्यांना एक न लिहिता येणारा हात हवा होता. रोज दुपारी ते तिच्यापुढे परातीत वाळू पसरायचे. आधी रेघा, मग गोल, मग अक्षरं. पेन तिच्या बोटांत ठरेना म्हणून त्यांनी सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून एक जाड पेन करून दिलं. अजूनही ती त्याच पेनने लिहायची. त्यात कांडी तेवढी नवी घालायची. टोपण कधीच हरवलं होतं. आणि एकेक शब्द जमल्यावर सरांनी तिला जे पहिलं अख्खं वाक्य दिलं, ते विभागातलंच होतं. वस्तू जागेवर ठेवणे. रोज शंभर वेळा. वाळू सपाट करायची आणि पुन्हा लिहायचं. दोन वर्षं.

लिहिणं तिच्या हातातली कृती होती. ते एकतिसाव्या घरात गेलं तर घर भरणार होतं. एकेचाळीस वर्षं ते नव्हतं तेव्हाही दिवस उगवत होता. ते जाईल म्हणून तिला वाईट वाटलं, पण अंगठ्यापुढे ते वाईट फार लहान होतं.

गुरुवारी साडेबारा वाजता तिने सगळ्यांना आणून भिंतीशी बसवलं. कुणाची बटणं लावली, कुणाच्या गळ्याशी फडकं बांधलं. घाटगे सरांच्या कंगव्याची खोळ नीट केली. डाव्या टोकाला चंपा. तिच्याशेजारी टोणपे वही उघडून बसले.

"वरण गार हाय," अंजिराबाई म्हणाली. "गरम करून आणते. कुणी उठू नका."

"उठून जातो कुठे?" घाटगे सर म्हणाले आणि सगळे हसले. कडी काढणं त्यांनी आणि किल्ली फिरवणं दुसऱ्या कुणी दिलेलं होतं.

तिने वरण गरम केलं नाही. पातेलं घेऊन ती सरळ बैठकीच्या खोलीत गेली, दार लोटलं आणि टेबलाशी उभी राहिली. कागद सगळीकडून हलत होता. तीस घरं आपापलं काम करत होती. कोपऱ्यातलं एक घर तेवढं सपाट आणि गार होतं.

पोलक्यातून तिने जाड पेन काढलं. वर शीर्षक लिहिलं, लिहिणे. मग रीतीप्रमाणे, हाताने केलं की मग, एकेक पायरी.

एक, पेन चिमटीत धरणे. दोन, डाव्या हाताने कागद दाबणे. तीन, अक्षर आधी मनात ऐकणे. ही पायरी कुठल्या पुस्तकात नव्हती, पण तिचा हात तसाच चालायचा, म्हणून तिने ती लिहिली. चार, टोक टेकवणे. पाच, वळण देणे. सहा, अक्षरावर रेघ ओढणे. वाळूवर शिकताना ती या रेघेला घरावर पत्रे टाकणं म्हणायची आणि सर हसायचे. सात, पुढच्या शब्दाला जागा सोडणे. आठ, लिहिलेलं वाचून बघणे.

तिने वाचून बघितलं. बरोबर होतं. अक्षर तिला चांगलं वाटलं. आजवरचं सगळ्यात चांगलं.

पलीकडून टोणप्यांचा आवाज आला. "मावशी, एक वाजत आला हो!"

"आले, आले."

आता शेवटची ओळ राहिली. तिने पेनकडे बघितलं, आणि तिला घाटगे सरांचा कंगवा आठवला. आधी ठेवायचं, मग लिहायचं. पण पेन ठेवलं तर लिहिणार कशाने? बाकीच्या तीस घरांना हा प्रश्न पडला नव्हता, कारण करणारा एक होता आणि लिहिणारा दुसरा. शेवटची ओळ दुसऱ्या कुणीतरी लिहायला हवी. टोणप्यांना आत बोलवावं, पाया पडावं, पेन खाली ठेवावं आणि तेवढी एक ओळ त्यांच्याकडून

हे सगळं तिच्या मनात पुरतं उमटायच्या आत हाताने ती ओळ लिहून टाकली होती. वाळूत हजारो वेळा लिहिलेली. त्या ओळीला हाताने मनाची वाट कधी बघितलीच नव्हती. वस्तू जागेवर ठेवणे. वरची रेघ एका दमात, डावीकडून उजवीकडे.

घर फुगलं. त्याला वाळूचा वास आला.

पेन हातातच होतं. तर्जनी त्याच्यावर, मधलं बोट खाली, आणि अंगठा ट्यूबच्या पट्टीवर आडवा, घट्ट. तिने मूठ उघडायचा प्रयत्न केला. बोटं गार पट्टीसारखी झाली होती. डाव्या हाताने तिने अंगठा ओढला, आणखी जोराने ओढला, दातांत धरून ओढला. नखाच्या कडेला रक्त आलं. अंगठा होता तिथेच राहिला.

 मग वरणाचं पातेलं डाव्या हाताने उचलून ती कक्षात गेली.

पेठकर सरांनी तिच्याकडे बघितलं, तिच्या हाताकडे बघितलं.

"घर भरलं, सर," ती म्हणाली.

"कशाने?"

"लिवण्यानं."

सरांनी पुन्हा तिच्या मुठीतल्या पेनकडे बघितलं. 

"तेही मीच दिलं होतं तुम्हाला," ते म्हणाले. मग त्यांनी मान हलवली. "असू दे. घर भरलं ना. टोणपे, वही मिटा."

टोणप्यांनी वही मिटली. त्यांच्या तोंडावर सुटल्यासारखं दिसलं.

"बरं झालं मावशी," ते म्हणाले. "सगळंच वाचलं. चला, आता वाढा. पोटात कावळे ओरडतायत."

 घाटगे सर मात्र तिच्या पेनकडे बघत होते, आणि त्यांनी आपला कंगव्याचा हात मांडीवरून उचलून हळूच पाठीमागे नेला.

भिंतीशी ओळीने अकरा तोंडं उघडली. डाव्या टोकाला चंपाचं.

अंजिराबाई तिच्यासमोर बसली. डाव्या हाताने भात कालवला, मऊ केला, घास चंपाच्या तोंडात ठेवला. चंपाने तोंड मिटलं आणि वाट बघू लागली. अंजिराबाईने उजवी मूठ तिच्या हनुवटीखाली नेली. खळगी तिथेच होती. अंगठा तिच्यापासून चार बोटं लांब, पेनवर झोपलेला. खळगीला पेनचं टोक लागलं.

तिने जरा दाबलं, नखाएवढं वळवलं आणि खाली गळ्यापर्यंत ओढलं.

चंपाच्या गळ्यावर एक निळी रेघ उमटली. घास गालात तसाच होता. चंपाचे डोळे आईच्या तोंडावर होते.

तिने पुन्हा ओढलं. पहिल्या रेघेशेजारी दुसरी.

"अंजिराबाई, पुढचा घास," रांगेतून पेठकर सर म्हणाले. अडीचला पाहुणे येणार होते.

तिने तिसरी रेघ ओढली.